चपला रांगेत लावा, मनाचं नंतर बघू: कोथरूडच्या एका योगा क्लासचं माझं वर्ष

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. बाईंना विचारलं होतं की नेटवर रिव्ह्यू टाकू का, तर म्हणाल्या, "टाका की, पण नाव नको, माझ्याकडे चौदाव्या माणसाला आडवं व्हायला जागा नाही." तेरा जण शवासनात पडले की खरंच जागा उरत नाही, मी पडल्या पडल्या मोजलंय. तेव्हा ज्यांना नुसता पत्ता हवाय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. बाकी जे माझ्यासारखे डोक्यातल्या कटकटीवर उपाय शोधतायत, योगा करावा का मेडिटेशन करावं का दोन्ही, आणि पैसे नक्की कुठे घालावेत, त्यांच्यासाठी हे लांबलचक लिहितोय.

मी ४६ वर्षांचा, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला. क्वालिटीवाला म्हणजे ज्याला सप्लायरपण शिव्या घालतो आणि प्रॉडक्शनवालेपण. कोथरूड ते चाकण कंपनीची बस, जाऊन येऊन तीन तास कुठे गेले नाहीत. गेल्या वर्षी कंपनीच्या मेडिकलमध्ये बीपी १४६/९४ आलं, पुन्हा दोनदा मोजलं तरी तेच, मग डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि वर "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं, जसं काय मी ते मंडईतून पिशवी भरून आणतो. झोप तर त्याच्या आधीपासूनच गेलेली. रात्री अडीचला जाग यायची आणि डोक्यात सकाळच्या मीटिंगची रिहर्सल सुरू, त्यात समोरच्याचे डायलॉगपण मीच म्हणायचो.

पहिला प्रयोग म्हणजे मेडिटेशनचं ॲप. वर्षाचे पैसे एकदम भरले कारण डिस्काउंट होता. एक बाई अत्यंत गोड आवाजात सांगणार की तुम्ही बर्फाच्या डोंगरावर आहात, शुभ्र शांतता आहे. मी कधी बर्फाच्या डोंगरावर गेलेलो नाही, एकदा महाबळेश्वरला थंडीत कानटोपी विसरलो होतो तेवढाच अनुभव, त्यामुळे डोळे मिटले की बर्फाच्या जागी ती कानटोपी आठवायची. आणि ते सलग किती दिवस केलं त्याचं मोजणं! १७ दिवस झाले होते, १८व्या दिवशी ऑडिट होतं, रात्री अकराला फोनवर मेसेज, की आज तुम्ही शांत बसला नाहीत. म्हणलं आता ह्याचंपण टार्गेट. डिलीट केलं. पण खरं कारण दुसरंच होतं, नुसतं डोळे मिटून बसलं की माझी धडधड वाढायची. दिवसभर जे मागे ढकललेलं असायचं ते सगळं रांग लावून समोर यायचं. मला वाटलं माझ्यातच काहीतरी फॉल्ट आहे. नंतर कळलं की असं बऱ्याच जणांचं होतं, फक्त जाहिरातीत कोणी सांगत नाही.

दुसरा प्रयोग बाणेरचा स्टुडिओ, महिन्याला साडेचार हजार. एसी, लव्हेंडरचा वास, भिंतभर आरसे. जास्त लिहीत नाही, शरीराला व्यायाम चांगला झाला, घाम निघाला. पण ५५ मिनिटं मी आरशात माझी ढेरी आणि शेजारच्या पंचविशीतल्या मुलाची नसलेली ढेरी यांची तुलना करत होतो, आणि शवासन दोन मिनिटांत उरकायचे कारण पुढची बॅच दाराबाहेर मॅट काखेत धरून उभी. दोन महिन्यांत सोडलं.

मग बायको म्हणाली की तिच्या ऑफिसातली एक जण डहाणूकर कॉलनीत जाते, जाऊन तर बघ, पंधराशे रुपये तर आहेत.

जुना बंगला, बाहेरून जिना, वर गच्चीवर पत्रे टाकून केलेला हॉल. जिन्याच्या तोंडाशी पाटी: "चपला रांगेत लावा. मनाचं नंतर बघू." वर दाराला दुसरी: "६ म्हणजे ६. ६ वाजून १ मिनिटाला आलेल्यांनी गच्चीवरून सूर्योदय बघावा." मी पहिल्याच दिवशी सूर्योदय बघितला. पावसाळा होता त्यामुळे तोपण दिसला नाही.

बाई सत्तरीला आलेल्या, सुती सलवार कमीज, आवाज गणिताच्या शिक्षिकेचा. अय्यंगार पद्धतीने शिकवतात. कोणाला माहीत नसेल तर, बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले ते पुण्याचेच झाले, मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासूनची, जगभरातून लोक तिथे शिकायला येतात आणि आपण पुणेकर त्याच रस्त्यावरून पार्किंग शोधत फिरतो. त्यांच्या पद्धतीत साधनं खूप, लाकडी ठोकळे, पट्टे, दोर, लोड, पाठ नसलेल्या लोखंडी खुर्च्या. आमच्या इथे ब्लँकेटच्या जागी सोलापुरी चादरी आहेत, त्यांच्या घड्या घालायची एक ठरलेली पद्धत आहे आणि ती चुकली तर बाई सगळ्यांसमोर उलगडून परत घालायला लावतात. पहिले दोन आठवडे मला वाटायचं मी लाँड्रीत नोकरीला लागलोय.

माणसांना नावाने हाक मारत नाहीत, कुठून येतो त्यावरून. "अहो चाकण, खांदे खाली. कानाला लागलेत, इस्त्री करायचीये का?"

आता मुद्द्याचं, मनावर काय परिणाम होतो. मी क्वालिटीचा माणूस, मला मोजल्याशिवाय पटत नाही, म्हणून वर्षभर वहीत लिहून ठेवलंय आणि थोडं वाचलंयपण.

सगळ्यात आधी फरक कळला तो वृक्षासनात. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याचा तळवा मांडीला आतून लावायचा, हात वर. बघायला सोपं. भिंतीवर बाईंनी एक टिकली चिकटवलीये, लाल, साधी कपाळावरची, तिच्याकडे बघायचं. जोवर बघतोय तोवर उभा, आणि ज्या सेकंदाला डोक्यात येतं की कालच्या मेलला उत्तर दिलं नाही, त्या सेकंदाला पाय हलला. अक्षरशः त्याच सेकंदाला. तोल सांभाळायला डोळे, आतला कान आणि तळपायाकडून येणारी खबर असं तिन्ही लागतं, त्यातली नजर सुटली की बाकीच्या दोघांवर लोड येतो, हे शास्त्र झालं. पण मला त्यात मीटर मिळालं. ॲपवर दहा मिनिटं बसून मला कळायचंच नाही की मन आठ मिनिटं चाकणला होतं, इथे पडलो की कळतं. पहिल्या आठवड्यात उजव्या पायावर ६ सेकंद, वहीत आहे. आता मिनिटभर होतं, ऑडिटच्या आठवड्यात परत वीसवर.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढे वाकायची आसनं, पण डोकं टेकवून. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लोडावर, नाहीच पोचलं तर खुर्चीच्या सीटवर घडी ठेवून, कपाळ टेकवायचं आणि तसंच तीन-चार मिनिटं राहायचं. पाय खेचतात, पहिल्या मिनिटात शिव्या येतात मनात, आणि मग कपाळाची कातडी सैल पडल्यासारखी वाटते आणि एकदम गप्प होतं आत. फ्रिज बंद झाला की मगच कळतं ना की इतका वेळ आवाज चालू होता, तसं. उलट मागे वाकायची आसनं, उष्ट्रासन वगैरे, त्यांनी मला तरतरी यायची आणि एकदा तर कारण नसताना रडू आलं. खरंच कारण नव्हतं. मी तोंड भिंतीकडे करून बसलो, बाईंनी काही विचारलं नाही, नुसती चादर आणून खांद्यावर टाकली आणि दुसऱ्या कोणाला तरी ओरडायला गेल्या. म्हणून त्या मागे वाकायचं शेवटी ठेवत नाहीत, आणि ज्यांना झोप येत नाही त्यांना तर संध्याकाळी करूच देत नाहीत. क्रमाला अर्थ असतो हे मला इथे कळलं, बाणेरला गाण्याच्या बीटवर क्रम ठरायचा.

श्वासाचं तिसरं. आमच्याकडे पहिले तीन महिने प्राणायाम नाही, नुसतं आडवं पडून लोडावर छाती उघडी ठेवून श्वास बघायचा. मग हळूहळू उच्छ्वास लांबवायचा. श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते आणि सोडताना कमी होते, हे कोणीही मनगटावर बोट ठेवून बघू शकतं, मी बसमध्ये बघितलं. त्यामुळे सोडणं लांबलं की शरीराला आपोआप ब्रेक लागतो, मेंदूकडून पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. साधारण माणूस बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, आम्ही ६-७ वर आणतो. ह्यावर एक मजेशीर गोष्ट वाचली. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी काही लोकांना माळेवरची लॅटिन प्रार्थना आणि आपल्याकडचा 'ओम मणि पद्मे हुम्' असं म्हणायला लावून श्वास मोजला, तर दोन्हीत तो आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदय आणि रक्तदाबाची लय सुधारली. हे मी आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. आई ७४ वर्षांची, रोज संध्याकाळी माळ घेऊन बसते. ती म्हणाली, "मग पंधराशे रुपये कशाला देतोस?" आणि माळ पुढे ओढली. मला उत्तर सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

हाच प्रश्न माझा मित्र वेगळ्या तऱ्हेने विचारतो, की वेताळ टेकडीवर चाल की रोज तासभर, फुकट. चालणं उत्तमच आहे, मी रविवारी जातोच. पण बोस्टनला २०१० मध्ये झालेला एक अभ्यास आहे, त्यात एका गटाला आठवड्यात तीनदा तासभर योगा, तोही अय्यंगार पद्धतीचा बरं का, आणि दुसऱ्याला तेवढीच मेहनत पडेल एवढं चालणं, १२ आठवडे. योगावाल्यांचा मूड जास्त सुधारला, चिंता जास्त कमी झाली आणि त्याचा संबंध मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाशी दिसला, जे मेंदूतली धावपळ कमी करतं. अभ्यास छोटा होता, एवढ्या सॅम्पलवर मी आमच्या कंपनीत एक बोल्टसुद्धा पास करणार नाही, त्यामुळे मित्राला हे सांगताना आवाज जरा खालीच ठेवतो.

मेडिटेशन मात्र शेवटी, आसनं होऊन शरीर दमल्यावर, दहा मिनिटं. आणि इथे ते जमतं! तोच मी, तेच डोकं, पण आधी पाऊण तास शरीराने कटकट करून घेतलेली असते त्यामुळे बसल्यावर तक्रारी कमी. बाई म्हणतात की पतंजलींच्या १९५-९६ सूत्रांत आसनावर तीनच आहेत, बाकी सगळं मनाबद्दल, तेव्हा गुडघा वळला म्हणून फुशारू नका, बसायला बूड तयार करतोय आपण. बूड हाच शब्द वापरतात.

ध्यानाची वेळ पावणेसातची, आणि नेमक्या त्याच वेळेला शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे तरी कुकर लागतो. मी एकदा नंतर तक्रार केली की त्या शिट्ट्यांमुळे लक्षच लागत नाही. बाई म्हणाल्या, "किती झाल्या?" म्हणलं चार. "म्हणजे लक्ष होतं की. उद्या तीन मोजा, मग श्वासावर या. चौथी त्यांच्या डाळीची, तुमची नाही." हे वाक्य मी ऑफिसात चिकटवून ठेवणार होतो पण कोणाला कळलं नसतं.

आणि आता जो प्रसंग मला सांगायचाय तो. मार्चमध्ये माझ्या हाताखालच्या मुलाने एका लॉटची एंट्री चुकीची मारली, रिजेक्ट माल पास होऊन गेला, कस्टमरचा फोन थेट प्लांट हेडला. आधीचा मी असतो तर अर्ध्या शॉप फ्लोअरला ऐकू गेलं असतं. त्याला केबिनमध्ये बोलावलं, तोंड उघडलं आणि मला एकदम जाणवलं की माझे दात आवळलेत. जीभ टाळूला चिकटलीये. बाई रोज शवासनात सांगतात, जिभेचं मूळ सैल सोडा, डोळ्यांच्या मागे सैल, ते सांगून सांगून इतकं डोक्यात बसलंय की राग कळायच्या आधी जबडा कळला. मी जीभ सोडली. सोडली तर वाक्यच बदललं. "कधी लक्षात आलं तुझ्या?" असं विचारलं, साध्या आवाजात. तो मुलगा जास्तच घाबरला, म्हणाला, "सर, तुम्ही बरे आहात ना?" पण मग त्याने सांगितलं की चूक त्याला आदल्या दिवशीच कळली होती, सांगायची हिंमत झाली नव्हती. ते मला वहीत कशात लिहावं कळेना, शेवटी नुसती तारीख टाकून ठेवली.

लगेच मी संत झालो असं कोणी समजू नये, त्याच आठवड्यात कर्वे पुतळ्याच्या चौकात एका रिक्षावाल्याशी माझं असं काही झालं की मागे बसलेली बायको उतरून चालत गेली.

बीपी सध्या १३२/८४ च्या आसपास असतं, गोळीसकट. गोळी बंद केलेली नाही, डॉक्टरांनी डोस तोच ठेवलाय. हे मुद्दाम लिहितोय कारण बॅचमध्ये एक काका आहेत, ते येईल त्याला सांगतात की रोज शीर्षासन करा, गोळ्या फेकून द्या. बाईंनी मात्र माझी फाइल पहिल्या दिवशी मागून घेतली आणि शीर्षासन माझ्या यादीतून कटाप, त्याऐवजी लोडावर आधाराने सेतुबंध आणि भिंतीला पाय वर. बीपी आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर उलटं होऊ नये. एक ताई डिप्रेशनची औषधं घेतात, त्यांना डोळे मिटून जास्त वेळ बसवतच नाहीत, डोळे उघडे, उभ्याची आसनं जास्त, आणि गोळ्या घेतल्या का ते रोज विचारतात. मला क्लास आवडण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे, बाईंना त्यांची हद्द माहितीये. काकांना त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमचं शीर्षासन चांगलंय, पण रक्त खाली आल्यावर बोलत जा."

आता विपश्यना कर म्हणून सांगणारे येतीलच. एक सहकारी इगतपुरीला जाऊन आला, दहा दिवस मौन, पहिले तीन दिवस नुसता श्वास, राहणं-जेवण फुकट, जुने साधक देतात त्या दानावर चालतं. त्याला फार आवडलं. मला दहा दिवसांची सुट्टी मिळाली तर मी आधी पाच दिवस झोपेन.

शवासनाबद्दल थोडं. इथे पूर्ण पंधरा मिनिटं. मला पहिले दोन महिने झोप लागायची आणि घोरायचो, लाज वाटायची. तर बाईंनी मेनुहिनची गोष्ट सांगितली, मोठा व्हायोलिनवाला, १९५२ मध्ये मुंबईत अय्यंगारांना भेटला तेव्हा दमून आला होता, त्यांनी त्याला शवासनात टाकला आणि तो तिथेच झोपला, आणि त्यानंतर आयुष्यभराचा शिष्य झाला. मग मला म्हणाल्या, "तुम्ही व्हायोलिन वाजवत नाही, तेव्हा कुशीवर झोपा, शेजारच्यांना त्रास होतो." आता घोरत नाही, असं शेजारचे सांगतात. रात्री अडीचची जाग अजून येते, आठवड्यातून एखाद-दोनदा, पण रिहर्सल होत नाही, उच्छ्वास मोजता मोजता कधी लागते कळत नाही.

तक्रारी लिहायलाच हव्यात नाहीतर पैसे घेऊन लिहिलं म्हणाल. पार्किंग शून्य, गल्लीत टू-व्हीलर लावली तर समोरच्या बंगल्यातले आजोबा नंबर लिहून घेतात. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज होतो की बाईंचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही, आणि डावा कोपरा गळतो, तिथे बादली असते. पुरुषांना कपडे बदलायला जागा नाही, घरूनच तयार होऊन जा. सुट्टी घेतली तर पैसे वजा होत नाहीत. ऑनलाइन बॅचचं विचारूच नका, मी विचारलं होतं. आणि ज्यांना महिन्यात वजन उतरायला हवंय त्यांनी बाणेरलाच जावं, माझं वर्षात दीड किलो उतरलं तेही दिवाळीत परत आलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या बादलीचा कापला.

कोणाला खरंच यायचं असेल तर आमच्यातल्या कोणाच्या तरी ओळखीनेच जागा मिळते, दिवाळीनंतर एक जण मुलीकडे बाहेरगावी जाणारेत, तेव्हा एक रिकामी होईल. सकाळी काही खाऊन येऊ नका, चहासुद्धा नाही, बाईंना वास येतो. आणि चादर स्वतःची आणा, तिथल्या चादरींवर नंबर आहेत, ९ नंबरची माझी आहे.